गादी इंचावर घेऊ नका, वजनावर घ्या (आणि खालचा बेडपण बघा)

ताई, तुमचा प्रश्न आधी दोन ओळीत परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घर रत्नागिरीत, समुद्र जवळ. साडेसहा बाय सहाचा हायड्रॉलिक स्टोरेजवाला बॉक्स बेड नुकताच करून घेतलाय. मिस्टरांचं वजन ९० च्या आसपास, तुमचं ५५. सासूबाईंचा वेगळा सहा बाय तीनचा पलंग, त्यावर जुनी कापसाची गादी, आणि त्यांची कंबर दुखते. दोन्ही गाद्या मिळून बजेट ३० हजार. दुकानदार म्हणतोय ८ इंची 'ऑर्थो मेमरी फोम' घ्या, १० वर्षं बघायला नको.

माझं मत विचाराल तर तशी घेऊ नका, निदान आत नक्की काय आहे ते कळेपर्यंत तरी नको. आमचा कोल्हापुरात गादी कारखाना आहे, वडिलांच्या काळात फक्त कापूस पिंजून गाद्या भरायचो, आता जास्त काम फोमचं असतं, कापसाचं पण चालू आहे. आंबा घाटातून खाली तुमच्या बाजूला आमचा माल नेहमी जातो, त्यामुळे कोकणात कुठली गादी किती दिवसात काय होऊन परत येते हे बऱ्यापैकी बघितलंय. त्या हिशोबाने सांगतो.

सगळ्यात आधी हे इंचाचं खूळ डोक्यातून काढा. गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिला प्रश्न, किती इंची आहे? ६ इंची म्हणजे साधी, ८ म्हणजे चांगली, १० म्हणजे एकदम भारी असं लोकांच्या मनात बसलंय आणि दुकानदारांना ते सोयीचं आहे, कारण इंच वाढवणं हे गादीतलं सगळ्यात स्वस्त काम आहे. आत पांढरी ईपीई शीट टाकली, म्हणजे टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात पॅकिंगला असते ना तीच जात, की ४ इंचाची ८ इंच झाली. हाताला कडक लागते, वजनाला हलकी, वरून छान क्विल्टिंग. वर्ष-दीड वर्षात जिथे माणूस झोपतो तिथे ती दबते आणि एकदा दबली की परत वर येत नाही, तिच्यात तशी उसळीच नाही. शिवाय तिच्यातून हवा जात नाही, म्हणजे घाम वरच्या वरच.

इंचाच्या ऐवजी विचारायचं ते डेन्सिटी. हे काही अवघड नाही. त्या फोमचा एक घनमीटरचा ठोकळा केला तर तो किती किलो भरेल तो आकडा म्हणजे डेन्सिटी. ३२ डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ३२ किलो, ४० म्हणजे ४० किलो. फोममध्ये बारीक बारीक पेशींची जाळी असते, माल कमी घातला की जाळीच्या भिंती पातळ, रोज रात्री सात-आठ तास वजन पडलं की त्या मोडत जातात आणि तिथे खड्डा पडतो. म्हणजे टिकण्याचा संबंध थेट डेन्सिटीशी. माझा अंदाज असा की १८-२० डेन्सिटीचा फोम पाहुण्यांच्या गादीला ठीक, रोज झोपायला नाही. ३२ चा साधारण वजनाच्या माणसाला चार-पाच वर्षं नीट जातो. ४० चा चांगला एचआर फोम (जास्त उसळीचा, त्याचं खाली सांगतो) असेल आणि खाली बेड बरोबर असेल तर आठ-दहा वर्षं काढतो. ९० किलोच्या माणसाला ४० च्या खाली मी देतच नाही, गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

आता तुम्ही म्हणाल दुकानदार तोंडाने ४० सांगेल, आम्हाला कसं कळणार. कळतं. वजन करा. गादीची लांबी, रुंदी, जाडी इंचात घ्या, तिघांचा गुणाकार करा, त्याला ६१ हजाराने भागा, घनमीटर आले. त्याला डेन्सिटीने गुणा, किलो आले. तुमच्या बेडला ७८ बाय ७२ ची गादी लागणार, ६ इंच जाडी धरली तर गुणाकार येतो ३३,६९६, भागून साधारण ०.५५ घनमीटर, गुणिले ४० म्हणजे २२ किलो. हे फक्त फोमचं, कव्हर आणि क्विल्टिंगचे दोन-तीन किलो वेगळे. तोंडी लक्षात ठेवायचं तर तुमच्या मापाला ४० डेन्सिटीचा दर इंच साधारण पावणेचार किलो भरतो आणि ३२ चा तीन किलोच्या किंचित खाली. आता कोणी ८ इंची गादी दाखवली आणि ती एका माणसाने सहज काखेत मारून जिन्याने वर नेली तर समजून जा आत काय आहे ते. १८ डेन्सिटीचे ८ इंच म्हणजे जेमतेम १३ किलो होतात. भंगारवाल्याकडे असतो तसला लटकवायचा वजनकाटा आता स्वस्तात मिळतो, लाजू नका, दुकानात घेऊन जा. ज्याचा माल खरा आहे तो उलट खूश होतो.

ह्यातही एक पळवाट आहे तीपण सांगून ठेवतो. वजन वाढवायला फोम बनवतानाच त्यात खडूची पावडर घालतात, कॅल्शियम कार्बोनेट. काट्यावर बरोबर भरतो, पण उसळी मेलेली असते. ओळखायचं कसं, झिप उघडून कोपऱ्याला फोम मुठीत घट्ट दाबा आणि सोडा, चांगला फोम लगेच जागेवर येतो, पावडरवाला आळसावल्यासारखा हळू येतो (मेमरी फोम हळूच येतो तो वेगळा विषय, त्याचं खाली सांगतो), आणि बोटांनी कड चोळली की पांढरी भुकटी हाताला लागते. म्हणून मी नेहमी म्हणतो झिपवालीच गादी घ्या. चारी बाजूंनी शिवून बंद केलेली गादी असेल आणि दुकानदार काउंटरवरचा छोटा कापलेला नमुना दाखवत असेल तर तो नमुना आणि तुमच्या घरी येणारी गादी ह्यांचं नातं फक्त विश्वासाचं.

एचआर म्हणजे हाय रेझिलियन्स. कारखान्यात टेस्ट करतात तेव्हा फोमवर वरून स्टीलची गोळी सोडतात आणि ती किती टक्के परत उसळते ते मोजतात. साधा पीयू (पॉलीयुरेथेन) फोम साधारण ४० टक्क्यांच्या आसपास, एचआर ५५ च्या वर. अंगाखाली फरक असा जाणवतो की एचआरवर कूस बदलायला त्रास होत नाही, गादी तुम्हाला परत ढकलते.

आता इथे एक घोळ सगळेच घालतात, दुकानदारसुद्धा. डेन्सिटी आणि कडकपणा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४० डेन्सिटीचा फोम मऊपण मिळतो आणि कडकपण. २८ चा कडक फोमही मिळतो, दुकानात पाच मिनिटं झोपलात तर एकदम दमदार वाटेल, आणि सहा महिन्यांनी बसेल. डेन्सिटी सांगते किती दिवस टिकेल, कडकपणा सांगतो आज रात्री कसं वाटेल. दोन्ही वेगवेगळे विचारा.

'ऑर्थो' बद्दल. गादीवर ऑर्थो छापायला कुठल्या हाडांच्या डॉक्टरची सही लागत नाही ताई. आमच्या धंद्यात ऑर्थो म्हणजे कडक, बस एवढाच अर्थ. बऱ्याचदा आत रिबॉन्डेड फोम असतो, म्हणजे कारखान्यातले फोमचे उरलेसुरले तुकडे बारीक करून डिंक घालून दाबून केलेली लादी, कापून बघितलं तर रंगीबेरंगी तुकडे चिक्कीसारखे दिसतात. रिबॉन्डेड वाईट नाही हां, डेन्सिटी ८०-१०० च्या घरात असते, खालचा थर म्हणून मी स्वतः वापरतो. पण ४ इंच रिबॉन्डेड आणि वर नावाला अर्धा इंच मऊ फोम अशी गादी म्हणजे जवळजवळ फळीच.

आणि कंबर दुखते म्हणून फळीवर झोपवा हे जे घराघरात चालतं ना, त्याला आधार नाही. २००३ साली लॅन्सेट ह्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात स्पेनमधला एक अभ्यास छापून आला होता, जुनी कंबरदुखी असलेली ३१३ माणसं घेतली, काहींना कडक गादी दिली काहींना मध्यम-कडक, आणि ९० दिवसांनी बघितलं तर मध्यम-कडकवाल्यांचा त्रास जास्त कमी झाला होता. कारण समजायला सोपं आहे. कुशीवर झोपलं की खांदा आणि खुब्याचं हाड बाहेर आलेलं असतं, गादीने तेवढ्या जागी थोडं आत घेतलं पाहिजे आणि कंबरेच्या खळग्याला खालून आधार दिला पाहिजे. फळी आत घेत नाही, खड्डा पडलेली गादी आधार देत नाही, दोन्हीकडे कणा वाकडाच राहतो. दुकानात तपासायची सोपी रीत, सासूबाईंना घेऊन जा, त्या घरी जशा झोपतात तशा, कुशीवर तर कुशीवर, दहा मिनिटं झोपू द्या (नुसतं बसून हाताने दाबून काही कळत नाही, हात काही गादीवर झोपत नाही). मग उताणं झोपायला सांगा आणि कंबरेखाली तुमचा पंजा सरकवून बघा. सहज आरपार गेला तर फार कडक. शिरतच नसेल, त्यांना कूस बदलायला जोर लावावा लागत असेल तर फार मऊ. थोडं घासत जातो ती बरोबर. मात्र दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असेल तर गादीचा नाद सोडा, आधी डॉक्टर.

मेमरी फोम. हा विकणारा प्रत्येक सेल्समन 'नासा टेक्नॉलॉजी' म्हणतोच म्हणतो. खोटं नाही ते, १९६६ साली नासाच्या कामातूनच हा फोम निघाला, पण तो विमानातल्या सीटसाठी, कोकणातल्या मे महिन्यासाठी नव्हे. ह्या फोमची खोड अशी की तो तापमानावर चालतो. अंगाची ऊब लागली की मऊ होतो आणि अंगाचा आकार घेतो, थंडीत कडक होतो. ज्यांच्या बेडरूममध्ये रोज एसी चालतो त्यांना दोन इंचाचा थर वर असला तर छान वाटतो, सांध्यांवर दाब येत नाही. पण रत्नागिरीत पंख्यावर झोपणाऱ्या माणसाला तो चारी बाजूंनी चिकटून बसतो, हवा जायला जागा नाही, खाली घाम. वर जेलचा निळा थर असला तर झोपल्या झोपल्या पहिली काही मिनिटं गार लागतं, नंतर जेलही तापतं. आणि ९० किलोचं माणूस उन्हाळ्यात त्यात चांगलंच रुततं, बाजूला तुम्ही ५५ किलोच्या, तुम्ही उतारावर झोपल्यासारख्या त्यांच्याकडे घरंगळत राहणार. तुम्ही एसीचं काही लिहिलं नाहीये म्हणून मी नको म्हणतोय. तरी हौस असेल तर वरचा एकच इंच घ्या आणि त्याची डेन्सिटी ५० च्या वर आहे का विचारा.

स्प्रिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण कोणीतरी सुचवेलच. त्यात दोन जाती. बॉनेल म्हणजे डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा एकमेकींना तारेने जोडलेल्या, एकाने कूस बदलली की दुसऱ्याला हलतं. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत, त्यामुळे हलणं कमी आणि तुमच्यासारख्या वजनात फरक असलेल्या जोडप्याला चांगली. हवाही खेळती राहते. तुम्ही पुण्यात किंवा सोलापुरात असतात तर मी पॉकेट स्प्रिंगच पहिल्यांदा सुचवली असती. पण समुद्राची खारी हवा आणि वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, लोखंडाला गंज हा धरून चालायचा. खिडकीच्या ग्रिलचं काय होतं ते तुम्ही बघताच. गंजायला लागली की करकर आवाज सुरू होतो आणि एखादी तार तुटली की ती गादी दुरुस्त होत नाही, फेकायचीच. घेणारच असाल तर वॉरंटी कार्डात गंजाबद्दल काय लिहिलंय ते नीट वाचा.

काथ्याची गादी म्हणजे नारळाचा काथ्या आणि रबराचं दूध ह्यांची दाबून केलेली लादी. हवा छान खेळते, गरमीला उत्तम, बऱ्यापैकी कडक. वजनदार माणसाखाली काही वर्षांनी मधला काथ्या तुटून भुसा पडतो, म्हणून नुसत्या काथ्याची नको, खालचा थर म्हणून चालेल. नॅचरल लॅटेक्स (रबराच्या दुधाचा फोम) सगळ्यात छान आणि सगळ्यात टिकाऊ, त्यात माझं दुमत नाही, पण अख्खी ६ इंची तुमच्या मापाची घ्यायची तर बजेटच्या बाहेर जाते आणि वजन ४० किलोच्या वर भरतं. बाजारात 'लॅटेक्स गादी' म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यात बहुतेक वेळा वर एक इंच लॅटेक्स आणि खाली साधा फोम असतो. एक इंच असायला हरकत नाही, फक्त पैसे एका इंचाचे द्या.

वजनावरून आठवलं, तुमचा हायड्रॉलिक बेड. त्याचे पंप बसवताना कारपेंटरने काहीतरी वजन धरलेलं असतं. फार जड गादी टाकली तर फळी वर थांबत नाही, हळूहळू खाली येते, हात सापडतो. त्यामुळे गादी घेण्याआधी त्याला फोन करून विचारा, हे पंप किती वजन धरून बसवलेत.

आणि आता खरं महत्त्वाचं, जे दुकानदार सांगणारच नाही कारण त्याला ते विकायचं नसतं. बॉक्स बेड म्हणजे खाली बंद पेटी, वर अखंड प्लाय, प्लायवर सनमायका, त्यावर गादी. रात्रभर अंगातून जो ओलावा गादीत उतरतो त्याला खाली जायला वाट नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणात हवाच ओली, मग गादीच्या पोटाखाली काळे ठिपके, बुरशी, कुबट वास. लोक म्हणतात गादी खराब निघाली. गादी चांगलीच असते, तिचा जीव गुदमरलेला असतो. कारपेंटरला बोलवा आणि फळीला एक इंचाची भोकं पाडून घ्या, साधारण प्रत्येक फुटावर एक, कडा घासून पॉलिश करून, नाहीतर कव्हर फाटेल. तासाभराचं काम आहे. पेटीच्या बाजूच्या पॅनेललाही दोन-चार भोकं किंवा छोट्या जाळ्या बसवा, नाहीतर ओलावा फळीतून पेटीत उतरेल आणि आतल्या रजया कुबट होतील. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बेड वर करून पंखा लावून तासभर उघडा ठेवा. एवढं केलं तर गादीचं आयुष्य दोन-तीन वर्षं सहज वाढतं, आणि हा सल्ला फुकटचा आहे.

पट्ट्यांचा बेड असलेल्यांनी दोन पट्ट्यांमधली फट तीन इंचाच्या वर ठेवू नये, फोम त्यात उतरतो. बाकी तुमचा विषय नाही तो, पुढे जाऊ.

तर तुमच्या दोघांसाठी मी काय करीन. एक अखंड ७८ बाय ७२ न घेता ७८ बाय ३६ च्या दोन घेईन. मिस्टरांच्या बाजूला खाली २ इंच रिबॉन्डेड, वर ४ इंच ४० डेन्सिटी एचआर, कडक ग्रेडचा. तुमच्या बाजूला रिबॉन्डेड नको, पूर्ण ६ इंच एचआर, ४ इंच मध्यम ग्रेड आणि वरचे २ इंच मऊ, डेन्सिटी तुमची ३२ असली तरी चालेल पण पैशात फरक फार पडत नाही, ४० च घ्या. उंची दोन्हीची सारखी येते. दोन्ही गाद्यांवर मिळून एकच जाड सुती कव्हर किंवा इंचभराचा टॉपर (वर टाकायचा पातळ थर), म्हणजे मधली फट अंगाला लागत नाही. ह्याचे फायदे बघा, ते कुशीवर वळले तरी तुम्हाला हलणार नाही, एक बाजू आधी बसली तर तेवढीच बदलायची, आणि पावसाळ्यात एकटीला उचलून भिंतीला उभी करता येते, जिन्यातून वळवताना भांडणं होत नाहीत. काही लोकांना दोन गाद्या बघून कसंतरी वाटतं, नवीन लग्न झालेल्यांना तर आया स्पष्ट नाही म्हणतात, पण चादर घातली की कोणाला दिसतंय.

सासूबाईंची कापसाची गादी टाकू नका. कापसाची गादी मुळात उत्तम, आमच्या धंद्याचा पाया तो, फक्त ती दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावी लागते, आणि बहुतेक घरात ती पंधरा वर्षं तशीच वापरली जाते, मधे खोलगट, बाजूला गाठी. मग कंबर दुखणारच. कोकणात कापूस ओल पकडतो हा मोठा दोष. त्यांच्यासाठी असं करा, ७२ बाय ३६ ची गादी, खाली २ इंच काथ्या किंवा रिबॉन्डेड, वर ३ इंच ४० डेन्सिटी एचआर मध्यम, आणि त्यांच्या जुन्या गादीतला चांगला कापूस पिंजून त्याची एक पातळ, चार किलोच्या आसपासची गादी भरून घ्या, ती वर टाका. सुती खोळीवर झोपायची सवय असलेल्या माणसाला फोम अंगाला सोसत नाही, गरम होतं म्हणतात, त्याला हा उपाय. ही पातळ गादी उन्हात टाकायलाही हलकी. खालच्या गादीतल्या एचआर थराचं वजन ४० च्या हिशोबाने तपासायचं तर ७२ बाय ३६ ला दर इंच साधारण १.७ किलो.

पलंगाची उंचीही बघा. वयस्कर माणूस कडेवर बसलं की पावलं पूर्ण जमिनीला टेकली पाहिजेत आणि गुडघा काटकोनात राहिला पाहिजे, जमिनीपासून गादीच्या माथ्यापर्यंत १८ ते २० इंच बहुतेकांना ठीक जातं. त्याच्यापेक्षा खाली असेल तर उठताना कंबरेला हिसका, वर असेल तर पाय लोंबकळतात. कड मऊ असेल तर बसल्या बसल्या घसरायला होतं, म्हणून त्यांच्या गादीला कडेने चार बोटं कडक फोमची पट्टी मारून घ्या, कारखान्यात सांगितलं की करतात.

कापूस पिंजून घेताना समोर उभं राहायचं. बदलाबदली होते म्हणून सांगतो, कोणाचं नाव घेत नाही. गादी उसवल्यावर कापूस हातात घेऊन बघा, रंगीत दोरे-चिंध्या दिसल्या तर तो मिलचा वेस्ट आहे, लवकर गोळा होतो. शंका आली तर चिमूटभर घेऊन काडी लावा, कापूस कागदासारखा वास येऊन राख होतो, पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी होतो. उशीला मात्र सावरीचा कापूस मिळाला तर घ्या, उन्हाळ्यात तुमच्या बाजूला मिळतो, हलका असतो, मानेला छान.

उन्हाचं एक सांगतो कारण ह्यात चांगल्या गाद्या वाया जातात. कापसाची गादी कडक उन्हात टाकायची, ऑक्टोबरात आणि पावसाळ्याच्या आधी मे महिन्यात, हे आपल्या आयांनी शिकवलंय आणि बरोबर आहे. तेच लोक फोम आणि लॅटेक्सला करतात. फोम उन्हाने पिवळा पडून ठिसूळ होतो, लॅटेक्स तर अजून लवकर. त्यांना सावलीत, वाऱ्यात उभं करायचं. आणि तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवायची. उलटी करायची नाही, वरचा थर मऊ असलेली गादी एकाच बाजूने वापरायची असते.

ऑनलाइनवाल्या गाद्या गुंडाळून खोक्यात येतात, त्या वाईट असतात असं काही नाही, उघडल्यावर एक-दोन दिवस फुगायला द्या, वास येतो तो खिडक्या उघड्या ठेवल्या की काही दिवसात जातो. १०० रात्रींची ट्रायल म्हणतात ती तुमच्या पिनकोडला लागू आहे का आणि परत न्यायला कोण येणार हे आधी विचारा, मोठ्या शहरात सोपं असतं, बाकी ठिकाणी गादी हॉलमध्ये पडून राहते. वॉरंटी १० वर्षांची लिहिलेली असली तरी आत बघा, खड्डा किती खोल पडला तर बदलून देणार, बऱ्याच ठिकाणी इंचाच्या आसपास लिहिलेलं असतं, आणि तो खड्डा गादीवर कोणी झोपलेलं नसताना मोजायचा. गादीवर आडवी सरळ पट्टी ठेवून मधे टेपने मोजतात. डाग पडलेला असेल तर बहुतेक कंपन्या क्लेम घेत नाहीत, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रोटेक्टर. प्लास्टिकचा कर्रकर्र आवाज करणारा नको, वर टॉवेलसारखं सुती कापड आणि खाली पातळ वॉटरप्रूफ थर असतो तो.

बिलावर नुसतं 'गादी १ नग' लिहून घेऊ नका. प्रत्येक थर किती इंच, कुठला फोम, किती डेन्सिटी हे बिलावर लिहायला सांगा. लिहून द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका, मग किती का डिस्काउंट असेना.

शेवटचं, माप. कारपेंटरने साडेसहा बाय सहा सांगितलं म्हणून ऑर्डर देऊ नका. तुमच्या बेडला चारी बाजूंनी पट्टी असेल आणि गादी आत बसणार असेल तर आतून मोजा, दोन्ही टोकांना आणि मधे, तीन ठिकाणी, कारण काटकोन क्वचितच जुळतो. सगळ्यात कमी आकडा आला त्याच्यातून अर्धा इंच कमी करून गादीचं माप द्या, दोन गाद्या घेतल्या तर ती रुंदी निम्मी करून. मापं आणि दुकानदाराने बिलावर काय लिहून दिलं ते इथे टाका, मी वजनाचा हिशोब करून सांगतो.